थोरलीला घेऊन अल्फारेटाला

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला मिरजेत सगळ्यात आधी नायगारा विचारतात. तो पाहिला नाही म्हटलं की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा विचारतात. तो मी पाहिला, पण गाडीच्या काचेतून, अंगठ्याएवढा, आणि वसूने बोट दाखवलं तेव्हा नेमका मधे ट्रक आला होता. मग लोक माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. एवढ्या लांब जाऊन या बाईने केलं काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट असतो.

मी पोवळी पाहिली. पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. माझ्याही बोटात एक आहे, तांब्यात बसवलेलं. लग्नाआधी ज्योतिषाने दिलं होतं, स्वभाव थंड होईल म्हणाला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्याबरोबर नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, त्याचा काही उपयोग झाला का ते. तर अंगठीतलं पोवळं हे मेलेलं असतं. जिवंत असताना तो एक प्राणी असतो, समुद्राच्या तळाशी झाडासारखा वाढणारा, आणि अमेरिकेत शिकलीसवरलेली, कमावती माणसं तो घरात काचेच्या टाकीत पाळतात. त्याला ते कोरल म्हणतात. त्याच्या फांद्या कापतात, विकतात, विकत घेतात आणि विमानाने एकमेकांना पाठवतात. माझा धाकटा भाऊ वसंता, म्हणजे वसू, हा त्यांतलाच एक.

पार्सिपनी

वसू केमिकल इंजिनिअर. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास अमेरिकेत गेला तो तिथलाच झाला, घर न्यू जर्सीत पार्सिपनीला. बायको शैला गेल्यावर काही वर्षं एकटा राहिला, आणि आता त्याची मुलगी मंजिरी त्याला अल्फारेटाला, म्हणजे अटलांटाजवळ, आपल्या घरी घेऊन जाणार होती. घर विकलं गेलं होतं. आवराआवर करायला आणि त्याला तिथवर सोबत करायला म्हणून मी गेले. मला वाटलं होतं भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं असतील. वसू मला थेट तळघरात घेऊन गेला.

वरच्या मजल्यावर देवापुढचा दिवा लावायला विसरणारा माझा भाऊ तळघरात निळे-पांढरे दिवे वेळापत्रकाने लावत होता. ओळीने टाक्या, त्यांत खारं पाणी, आणि पाण्यात हिरवी, केशरी, गुलाबी फुलं हलत होती. पंप घरघरत होते. समुद्र आमच्या मिरजेपासून कितीतरी लांब, आणि वसूला तर लहानपणी कृष्णेत उतरायचं म्हटलं तरी रडू यायचं. मी एका टाकीत हात घालायला गेले तर तो ओरडलाच.

"अक्का, आधी अंगठी काढ!"

"का रे? यांना मंगळ आहे का?"

"तांबं आहे ना त्यात. तांबं म्हणजे यांना विष. एवढासा अंश पाण्यात गेला तरी सगळी मरतील."

ज्या धातूच्या तांब्याभांड्यातलं पाणी पिऊन आमचे आजोबा नव्वदीपर्यंत सगळ्यांना शिव्या देत राहिले, त्याला विष म्हणणारा हा घराण्यातला पहिलाच. मी अंगठी काढून पदराला बांधली.

आवराआवर म्हणजे ही सगळी पोवळी विकायची, असा त्याचा अर्थ होता. त्याचं तंत्र मी आठवडाभरात शिकले. हाडं कापायच्या कात्रीने फांदीचा बोटभर तुकडा तोडायचा, डिंकासारख्या चिकट पदार्थाने एका चकतीवर बसवायचा, जखम भरू द्यायची. मग पिशवीत थोडं पाणी, बाकी हवा, वर रबरबँड. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, मग वर्तमानपत्रात, मग थर्माकोलच्या खोक्यात, आणि गार हवा असेल तर ऊब देणारी एक पुरचुंडी. खोकं सोमवार ते बुधवारच पाठवायचं, नाहीतर शनिवार-रविवार ते कुरिअरच्या गोदामात अडकून पडतं. मला सासरी पाठवताना आमच्या आईने एवढी काळजी घेतली नव्हती. मला तिने लाल बसमध्ये खिडकीची जागा मिळाली का तेवढं विचारलं होतं.

जवळपासचे लोक घरी येऊन घेऊन जायचे, आणि तिथं वसूचा खरा स्वभाव दिसायचा. जर्सी सिटीहून निखिल नावाचा नागपूरचा मुलगा आला. तिथल्या उंच इमारतीत राहतो, मॅनहॅटनला कामाला जातो, नुकतीच टाकी घेतलेली. मी त्याला पोहे दिले. वसूने त्याला प्रश्न दिले.

"ट्रॅव्हल किती करतोस?"

"काका, मंडे टू थर्सडे क्लायंट साइटवर असतो यार, सॉरी, काका."

"मग टाकी कोण बघतं?"

"रूममेट आहे ना."

"तो काय करतो?"

निखिलने पोह्यांकडे बघितलं. "तोही क्लायंट साइटवर असतो."

"मग तू प्लास्टिकची फुलं घे," वसू म्हणाला, "त्यांना कोणी लागत नाही." आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. एका गोऱ्या डॉक्टरला तर त्याने पाण्याचा नमुना घेऊन ये म्हणून दारातूनच वळवलं. मुलीसाठी स्थळं बघताना या माणसाने एवढी चौकशी केली नव्हती. मंजिरीने फोनवर ठरवलं आणि हा "छान, छान" म्हणाला, हे शैलाने मला पत्रातून कळवलं होतं.

सगळी गेली तरी एक विकायची नव्हती. ती मधल्या टाकीत होती, परातीएवढी पसरलेली, जांभळ्या फांद्यांची, टोकं हिरवी. वसू तिला थोरली म्हणायचा. नखाएवढा तुकडा आणून त्याने ती वाढवली होती, आणि तळघरातली निम्मी जांभळी पिलावळ तिच्याच फांद्यांपासून झाली होती. तिला तो अल्फारेटाला नेणार होता.

"मंजिरीला सांगितलंस?" मी विचारलं.

"आधी नेऊ. मग बघू."

ही आमच्या घराण्याची जुनी पद्धत. वडिलांनी म्हैस आणली तेव्हाही आईला आधी सांगितलं नव्हतं. पण वसूचा चेहरा बघून मी पुढे बोलले नाही. त्याला त्या घरात आपली म्हणून एकच गोष्ट न्यायची होती आणि ती ही होती. ती गेली तर तो तिथं फक्त मंजिरीचे बाबा म्हणून राहणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

व्हर्जिनियाचे डोंगर

थोरलीला झाकणाच्या मोठ्या निळ्या प्लास्टिकच्या पेटीत बसवलं. पेटीत बॅटरीवर चालणारा एक बुडबुड्यांचा पंप. ती मागच्या सीटवर पट्टा लावून, आणि माझे पाय तिच्या बाजूच्या पाण्याच्या कॅनवर. पुढच्या सीटवर मी का नाही, असं कोणी विचारेल. पुढे नकाशाचे छापलेले कागद होते आणि वसूला ते वाऱ्याने उडतील अशी भीती होती.

पानगळीचे दिवस होते. डोंगर पिवळे, तांबडे, शेंदरी. इथले लोक ते बघायला गाड्या घेऊन मुद्दाम बाहेर पडतात, रस्त्याच्या कडेला थांबतात आणि "ओ माय" म्हणतात. मीही एकदा म्हणून बघितलं. खरं सांगायचं तर बघतच राहावं असं होतं, पण वसू दर थोड्या वेळाने "पाण्याचं तापमान बघ" म्हणायचा, त्यामुळे मी डोंगर कमी आणि थर्मामीटर जास्त पाहिला.

डोंगरातल्या एका गावात पोवळी पाळणारी डोना नावाची बाई आमच्यासाठी थांबली होती, तिला वसूकडून फांदी विकत हवी होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, माझ्याच वयाची, खांदे पैलवानासारखे. जेवणाच्या टेबलाची जागा टाकीने घेतली होती, म्हणून आम्ही मांडीवर कागदी ताटल्या घेऊन जेवलो. चीज घातलेला मॅकरोनी आणि घेवड्याची भाजी. भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे होते. मी चमच्याने बाजूला करत होते तेवढ्यात तिने विचारलं, "तू हे खात नाहीस का?" मी म्हटलं, नाही, पण चालेल, काही हरकत नाही. "चालेल म्हणजे काय? नाही तर नाही," असं म्हणून तिने ताटली उचलली आणि दुसरी दिली.

मग मी चकल्यांचा डबा पुढे केला. तिने एक उचलून वास घेतला आणि परत ठेवली. "नको, थँक यू. मला तिखट चालत नाही." मला इतका राग आला. आमच्याकडे नको असेल तरी माणूस एक घेतो, कुरतडतो, "छान खुसखुशीत झाल्यात" म्हणतो आणि उरलेली खिशात घालतो. ही बाई सरळ नाही म्हणून मोकळी, आणि वर माझ्याकडे हसून बघत होती.

वसूने तिला प्रश्न विचारायला घेतले. टाकी किती जुनी, पाण्यात मीठ किती, वीज गेली तर काय. तिने सगळी उत्तरं दिली आणि मग तिने उलट सुरुवात केली.

"आणि या मोठीचं काय, व्हॅस? मुलीकडे टाकी तयार आहे?"

"बघू," वसू म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, पण अर्थ मराठीच होता.

डोना माझ्याकडे वळली. "बघू म्हणजे हो की नाही?"

मी तिला सांगितलं की आमच्याकडे ते पूर्ण उत्तर असतं.

पेटीत फिरत्या पाण्यात थोरली फार दिवस टिकणार नव्हती. टाकी, दिवे, मुरलेलं पाणी, हे सगळं लागतं, हे वसूला डोनाहून चांगलं माहीत होतं. मंजिरीच्या गावात एका दुकानदाराकडे काही दिवस ठेवायची सोय त्याने केली होती. तोवर मुलीला सांगायला धीर येईल, असा त्याचा हिशेब. डोनाने पैसे दिले आणि थोरलीची एक फांदी मागितली. वसूने ती तिथंच कापली. कात्री बंद करताना त्याने डोळे मिटले होते.

"माझी मेली तर एक तुकडा परत दे," तो म्हणाला.

"ते सांगायला लागतं का?" डोना म्हणाली. "सगळे हेच करतात." या लोकांत तशी रीतच आहे. आपल्यातलं सगळ्यात चांगलं दुसऱ्याला द्यायचं, म्हणजे आपलं गेलं तर तिथून परत आणता येतं. आपण शेजारी विरजण देतो ना, तसंच. तिच्याकडची पाण्याची पातळी सारखी करायला वसूने आमचे दोन्ही कॅन तिच्या टाकीत ओतले आणि आम्ही निघालो.

डोंगर उतरताना एक हरीण रस्त्यात आलं. वसूने ब्रेक मारला. हरीण वाचलं, आम्ही वाचलो, आणि पेटीतलं निम्मं पाणी झाकणाच्या फटीतून माझ्या साडीवर आलं. गुजरातच्या किनाऱ्यावर मिठागरात काम करणाऱ्या बायका कशा जगत असतील हे मला नीट समजलं. वसूने गाडी बाजूला घेऊन झाकण उघडलं. थोरलीची टोकं उघडी पडली होती. त्याने पेटीखाली एका बाजूने माझी शाल कोंबली, म्हणजे पाणी तिच्या अंगावर येईल.

"मीठ आहे माझ्याकडे, सुकं," तो म्हणाला. "फक्त चांगलं पाणी हवं. केरीला गेलो की करू."

केरी

केरी नॉर्थ कॅरोलिनात. तिथं वसूचे कॉलेजपासूनचे मित्र शरदराव आणि त्यांच्या पत्नी मालतीवहिनी राहतात. रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडे. घर म्हणजे पुण्याची सदाशिव पेठच पासपोर्ट काढून तिकडे गेल्यासारखं. दारात रांगोळीचा स्टिकर, दिवाणखान्यात समई, स्वयंपाकघरात पितळी डबे, कट्ट्यावर घासून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा. वहिनींनी थालीपीठ, पांढरं लोणी, वांग्याचं भरीत आणि साखरभात केला होता. डोनाच्या मॅकरोनीनंतर मला रडू येईल की काय असं वाटलं, आणि हे मी खरंच सांगते आहे, टोमणा नाही.

वसूने गाडीतून पेटी आत आणली आणि सांगितलं, "जरा दुकानात जाऊन पाण्याचे कॅन घेऊन येतो."

"पाणी विकत?" मालतीवहिनी म्हणाल्या. "आमच्या घरी आल्यावर पाणी विकत आणणार, वसंतराव? शोभतं का हे?"

"नाही, तसं नाही, वहिनी, जरा शुद्ध लागतं."

"मग आमचं काय अशुद्ध आहे?"

वसू बसला. मी अंगावरचं मीठ काढायला आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा शरदराव वसूला मागच्या अंगणात कुंड्यांतला कढीपत्ता दाखवून आत आणत होते, आणि मालतीवहिनी एक बादली पेटीत रिकामी करत होत्या.

"तुम्ही मीठ कालवून ठेवलं होतं ना, वसंतराव, मीच घातलं. बिचारं कोरडं पडलं होतं. हंड्यातलं आहे हो, रात्रभर तांब्यात ठेवलेलं. आम्ही प्यायला हेच वापरतो. हंडा खास पुण्याहून आणलाय, ह्यांच्या आईचा."

मी हंड्याकडे बघितलं. मग वसूकडे बघितलं. त्याचं तोंड थोडं उघडलं होतं. निखिलला प्लास्टिकची फुलं घ्यायला सांगणारा, डॉक्टरला दारातून परत पाठवणारा माझा भाऊ तिथं उभा होता.

"थँक्यू, वहिनी," तो म्हणाला.

जेवताना मी बोलायला तोंड उघडलं तर त्याने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. वहिनींनी साखरभात वाढला. "आणखी घ्या." त्याने आणखी घेतला. "छान झालाय," म्हणाला. शरदराव अमेरिकेतल्या पेन्शनबद्दल बोलत होते. वसू मान डोलवत होता आणि दर दोन घासांनी पेटीकडे बघत होता.

सकाळी निघताना वहिनींनी माझी ओटी भरली आणि वसूला वाटेत म्हणून तांब्याच्या गडव्यातून भरलेलं पाणी दिलं. बाटली प्लास्टिकची होती, एवढंच.

साउथ कॅरोलिना

हायवेवर विश्रांतीसाठी थांबे असतात. स्वच्छ मुताऱ्या, बाकं, फुकट नकाशे, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. आपल्याकडच्या एसटी स्टँडने इथं शिकायला यावं. तिथं वसूने गाडीचं मागचं दार उघडलं आणि पेटीचं झाकण काढलं.

वास आधी आला. पाणी दुधासारखं गढूळ झालं होतं. थोरलीचं जांभळं अंग चिंध्यांसारखं सुटून तरंगत होतं आणि आतून पांढऱ्या फांद्या दिसत होत्या. वसूने हात घालून एक फांदी चाचपली. बोटांना जांभळा चिकटा लागला. त्याने तो पँटला पुसला.

"मी पाणी मागितलं," तो बाकावर बसून म्हणाला, "तर त्यांनी हंड्यातून काढलं. म्हटलं, असू दे, मीठ कालवल्यासारखं करतो, नंतर गुपचूप ओतून देतो. तेवढ्यात शरदने बाहेर नेलं."

"एक शब्द बोलायचा होता. तांबं चालत नाही. तीन शब्द."

"एवढ्या प्रेमाने आणलं होतं गं त्यांनी. ह्यांच्या आईचा हंडा म्हणाल्या. कसं सांगायचं, की तुमच्या सासूच्या हंड्याने माझं मरेल?"

एरवी मला उत्तर सुचतं. एक्स्चेंजमध्ये त्याबद्दल दोनदा मेमो मिळाला होता. तेव्हा मी फक्त डबा उघडला. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्याची कीव आली होती. आम्ही वहिनींनी दिलेल्या दशम्या खाल्ल्या. दशम्या अप्रतिम होत्या. वसूने गढूळ पाणी कडेच्या गवतात ओतलं आणि सांगाडा टॉवेलमध्ये गुंडाळला.

अल्फारेटा

मंजिरीचं घर बघून मिरजेतले लोक विचारतील, एवढ्या जागेत राहतं कोण? उत्तर असं की गालिचा राहतो. पांढरा, सगळीकडे. बूट दारात, चहा स्वयंपाकघरात, आणि बोलताना हात हलवायचे नाहीत. मंजिरी आयटीत मॅनेजर, वेळ वाया घालवत नाही. तिने बाबांसाठी खालची खोली तयार केली होती. आरामखुर्ची, मोठा टीव्ही, बाथरूममध्ये धरायला दांडे, फ्रिजवर डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट्स. पोर खरंच राबली होती. कोणत्याही बापाने खूश व्हावं असं होतं.

"बाबा, हा वास कसला येतोय? टॉवेलमध्ये काय आहे?"

"काही नाही. जुनं सामान."

"तुम्हाला अजून काही हवंय का रूममध्ये? मला सांगा, मी वीकेंडला ऑर्डर करते."

"नाही, नाही. सगळं छान आहे."

"शुअर?"

"अगदी."

मी वसूला मागच्या डेकवर नेलं आणि जे बोलायचं ते बोलले. त्यातलं थोडंच इथं लिहिते. "तिथं नाही म्हणता आलं नाही, इथं हो म्हणता येत नाही. चाळीस वर्षं इंजिनिअर होतास तेव्हा बॉयलर फुटायला लागला तरी 'छान आहे, छान आहे' म्हणत होतास का?" पोरीने एवढं केलंय, म्हणाला. आता वर टाकी कुठे मागू, म्हणाला. आणि टाकीत ठेवायला आता आहे तरी काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो तेव्हा डोनाचा फोन आला. पोचलात का ते विचारायला फोन करते म्हणाली होती आणि खरोखर केला. हेही मला नवीनच. वसूने फोन घेतला.

"हो, हो, पोचलो. हो, ती... ती ठीक आहे. फाइन, फाइन. थँक यू."

डोनालासुद्धा! मी त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉल जोडले, एक तोडायचा मला हक्क आहे.

"डोना, ती मेली," मी माझ्या मिरजेच्या इंग्रजीत सांगितलं. "तांब्याचं पाणी पडलं."

पलीकडे डोना एक वाईट शब्द बोलली. मग म्हणाली, "माझ्याकडची फांदी चिकटली आहे, टोकं उघडलीत. जरा वाढू दे, मग एखाद्या सोमवारी कुरिअरने तुकडा पाठवते. पण तिला पाठवू कुठे? त्याच्याकडे टाकी आहे की नाही? आधी टाकीत पाणी मुरवायला लागेल. आजपासून सुरू केलं तर जमेल. आहे का टाकी?"

मी रिसीव्हर छातीशी धरला. "वसू, ती विचारते आहे, टाकी आहे का."

मंजिरी पोळी लाटायची थांबली. "कसली टाकी? कोण मेलं? व्हॉट इज गोइंग ऑन?"

मला सगळं सांगता आलं असतं. शब्द जिभेवर होते. पण आत्याने मागितलेली टाकी आत्याचीच राहिली असती, आणि मी तर महिनाभरात मिरजेला परत जाणार होते. म्हणून मी गप्प बसले, आणि ज्यांनी मला ओळखलंय त्यांना कळेल की ते काय सोपं नव्हतं. पलीकडे डोना "हॅलो, हॅलो" करत होती. वसू ओट्याला धरून उभा राहिला. त्याने घसा खाकरला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मंजू," तो म्हणाला, "मला इथं टाकी हवी आहे. खाऱ्या पाण्याची. माझ्या कोरलसाठी. सांडेल थोडं, आवाज होईल, लाइट बिल येईल. पण मला हवी आहे. ती नसेल तर मला इथं करमणार नाही."

स्वतःबद्दल एवढं लांब बोलणं आमच्या वसूच्या तोंडून मी शैला गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकलं.

मंजिरीने लाटणं ओट्यावर ठेवलं. "बाबा, एवढंच? मग काल का नाही सांगितलंत? मी तीन वेळा विचारलं." तिचे डोळे भरून आले होते, पण ती मॅनेजरही होतीच. तिने गालिच्याकडे बघितलं, मग गराजच्या दाराकडे. "गराजमध्ये जागा आहे. किती मोठी हवी?"

"सहा फूट."

"सहा? बाबा, दोन गाड्या आहेत आमच्या! चार फूट. चार फुटांची ठेवा."

मी वसूकडे बघितलं. आता तो "चालेल, चालेल" म्हणणार, हे मला सत्तर वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"नाही," वसू म्हणाला. "पाच."